झाकणकाका आणि खंडेनवमीचा नारळ

झाकणकाका कुठल्याही यंत्राचं झाकण परत लावत नसत. पंखा असो, मिक्सर असो की कॉम्प्युटर, दुरुस्त झाला की उघडाच टेबलावर. विचारलं तर म्हणत, "झाकन लावलं की आत काय हाय ते मानूस इसरते." राजूरच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हा दहावी नापास माणूस. आणि मी मारेगावच्या आमच्या शाळेतला संगणक शिक्षक, नावापुढे दोन पदव्या. आमच्यात संगणक कुणाला कळत होता, ते पुढे येईलच.

शाळेत तेव्हा एका बड्या कंपनीचा सर्व्हर होता. माझ्याच हट्टानं घेतलेला. त्याच्यासाठी मी काचेची खोली करवून घेतली, एसी बसवला, 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी लावली. मुख्याध्यापिका बाईंनाही मी अनवाणीच आत नेत असे. मुलांच्या प्रवेशाच्या नोंदींच्या जुन्या दाखलखारीज रजिस्टरला वाळवी लागायच्या आधीच मी त्याची पानं स्कॅन करून या सर्व्हरवर ठेवली होती. पुढे वाळवीनं रजिस्टर फस्त केलं, आणि माझी दूरदृष्टी मी प्रत्येक सभेत ऐकवू लागलो.

खंडेनवमीला शाळेत यंत्रांची पूजा होते. त्या वर्षी सर्व्हरची पूजा मी कुणाला करू दिली नाही. हार घातला, अक्षता वाहिल्या, नारळ फोडला आणि भक्ती अंमळ जास्तच दाटून आल्यानं नारळाचं पाणी चालू सर्व्हरवर चारी बाजूंनी शिंपडलं. दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, तर सर्व्हर गार पडलेला.

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, हे मॉडेल आता बंद झालंय. यातल्या डिस्क दुसऱ्या कुठल्या खोक्यात चालायच्या नाहीत. नवा घ्या, तोही आमचाच. इकडे व्हरांड्यात कोलाम आदिवासींच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, एक बाप बसून होता. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणी हवी होती, आणि त्यासाठी मुलीच्या आजोबांची आमच्या रजिस्टरातली नोंद. तो रोज विचारायचा, "सर, नोंद उद्या भेटन का?" मी तज्ज्ञाच्या थाटात सांगायचो, "उद्या नक्की." असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी बाईंनी झाकणकाकांना बोलावलं. ते चपला घालूनच आत आले आणि त्यांनी सर्व्हरचं झाकण काढलं. इतक्या वर्षांत मी ते कधी काढलं नव्हतं. आत कुंकू, चिकटलेल्या अक्षता आणि मुंग्यांची लांबलचक रांग. काकांनी आधी मुंग्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दारातून बाईंनी विचारलं, "काय झालं होतं हो, काका?"

"वय झालं होतं त्याचं, बाई," काका म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी प्रयोगशाळेतले तीन टाकून दिलेले कॉम्प्युटर मागवले, त्यांच्यावर कुणा एका कंपनीचं नसलेलं, फुकटचं लिनक्स चढवलं आणि कंपनीच्या डिस्क त्यातल्या एकाला जोडल्या. "असं चालत नसतं, काका," मी म्हणालो. ते मान वर न करता म्हणाले, "घर आपलं अन् किल्ली शेजाऱ्यापाशी, असं कायले ठेवता, सर? हे बरं. एक बैल बसला तं दुसरा जुपाचा. काम वाढलं तं आनखी एक जोडाचा." मधल्या सुट्टीपर्यंत आजोबांचं पान पडद्यावर उघडलं होतं. त्या बापानं नावावरून हळूच बोट फिरवलं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी त्या कॉम्प्युटरवर माझं खातं उघडलं, तर पडद्यावर सगळ्यात वर एक ओळ: 'राम राम सर. नारळ भायेर फोडजा.'

ही गोष्ट काकांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितली नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. ते तीन कॉम्प्युटरही एकेक करून बदलले, नवे जोडले. काकांच्या हातचा आता एक स्क्रूही उरलेला नाही. ओळ मात्र दर वेळी मी नव्या यंत्रावर चढवत आलो.

यंदा नव्या संगणक शिक्षिका रुजू झाल्या. मी माझं खातं उघडून त्यांना काम समजावत होतो. त्या म्हणाल्या, "सर, हे नारळाचं चुकून आलेलं दिसतंय. काढून टाकू?" मी त्यांना सगळं सांगितलं, मुंग्यांसकट. आयुष्यात पहिल्यांदाच. त्या पोट धरून हसल्या, मीही हसलो, आणि काका गेले तेव्हा न आलेलं रडू तेव्हा आलं.

ओळ तशीच आहे. खंडेनवमीचा नारळ मी आता मैदानात, कडुनिंबाखाली फोडतो.