ड्रममधलं झाड

माझी वहिनी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही. मी आणलेली भाजी ती पुन्हा निवडते. दादा औषध घेतलं म्हणाला की बाटली उजेडात धरून बघते. शिवणकाम करते, पण गिऱ्हाइकाने सांगितलेलं माप कधी धरत नाही. "माणूस स्वतःच्या कमरेबद्दलसुद्धा खोटं बोलतो," म्हणते आणि टेप लावते.

दादाची छाती खराब आहे. रात्री खोकला झोपू देत नाही. दुपारी मागच्या खोलीत डोळा लागेल तेवढीच त्याची झोप. त्या खोलीच्या मागे फर्निचरचं मोठं दुकान आणि त्याचं गोदाम आलं. घरं आणि गोदाम यांच्यामध्ये झाडांचा पट्टा राखायचा, ही त्यांच्या परवानगीतलीच अट होती. धूळ आणि आवाज अडावा म्हणून. पट्टा झाला. गवत, झुडपं आणि झाडांची रांग.

वहिनीने पहिल्याच दिवशी खिडकीतून बोट दाखवलं. "भाऊजी, बाकी सगळीकडे झाडं दाटीने लावलीत. आपल्यासमोर एकच का?"

खरंच होतं. दादाच्या खिडकीसमोर ट्रक जाईल एवढी जागा मोकळी आणि मधोमध एक झाड. तिने मॅनेजरला कुंपणाशी गाठलं.

"खालून पाइप गेलाय, ताई. तिथे झाडं लावता येत नाहीत."

"मग हे एक कसं लावलं?"

"एक चालतं. जमिनीतच लावलंय, काळजी करू नका."

"काळजीचं मी बोललेच नव्हते," वहिनी घरात आल्यावर म्हणाली.

तिथे गोदामाला मागचं फाटक केलं तर ट्रकांचा मोठा वळसा वाचणार होता. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीत उभं राहिलं की दिसत होतं. आणि फाटक झालं की दादाची दुपारची झोप संपणार होती.

उन्हाळ्यात माळी पाणी घालतो यावर वहिनीचा विश्वास बसेना. ती स्वतः कुंपणावरून नळी सोडायची. एक दिवस मला हाक मारली. "बाकीची झाडं पाणी पितात. हे पाणी वरच धरून बसतं. बघा जरा."

मी कुंपण ओलांडलं आणि बुंध्याजवळची माती हाताने बाजूला केली. बोटाला प्लास्टिकची कड लागली. आणखी उकरलं. निळा ड्रम, वरचं तोंड कापलेला. काठाला दोन लोखंडी कड्या, मातीखाली झाकलेल्या.

"आळसाने ड्रमासकट तसंच पुरलं असेल," मी म्हणालो. पण म्हणतानाच मला ते पटेना. मी जन्मभर खोदकाम केलं आहे. आळशी माणूस खड्डा लहान घेतो. हा ड्रम बसवायला दुप्पट खोदावं लागलं होतं, आणि उचलायच्या कड्या लावायला वेगळं काम. जास्तीची मेहनत कुणी उगाच करत नाही.

"मी तक्रार करतो," मी म्हणालो.

"कराल. ते हे झाड काढून नेतील आणि दुसरं लावतो म्हणतील. लावलं म्हणजे मिळवली." वहिनीचं एक गिऱ्हाईक नगरपालिकेत कामाला आहे. जमिनीतलं झाड परवानगीशिवाय काढता येत नाही, कुंडीतलं कुणीही उचलू शकतो, हे तिने त्या बाईला आडून आडून दोनदा विचारून घेतलं होतं. "ड्रमाचं बूड काढा, भाऊजी."

"माझी कंबर बघा आधी."

"बघितली. चालते आहे."

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मी गेलो. वॉचमनचे शर्ट वहिनीच शिवते. तो पुढच्या फाटकावर उभा होता, तिथेच उभा राहिला. मी ड्रमाच्या बाजूने खड्डा घेतला आणि माती गोणपाटावर काढली, म्हणजे भरताना गवतात सांडत नाही. करवतीने बाजूचं प्लास्टिक कापलं, मग आडवा पडून हात पोचेल तेवढं बूड. आतली मुळं गोल फिरून अडकली होती. ती मोकळी केली, चांगली माती भरली, दाबली, गवत होतं तसं बसवलं. जेवायची वेळ टळून गेली. वहिनी खिडकीतून बघत होती. मी पुरेसं कापलं का, हे तिने तीनदा विचारलं.

दोन पावसाळे गेले. झाड खिडकीच्या वर गेलं. मग एका दुपारी लोडर आला. माणसांनी कड्या उकरून काढल्या, पट्टे अडकवले. मशीनने ओढ घेतली. ड्रमाची कड फाटून पट्ट्यांबरोबर वर आली, झाड नुसतं हललं. पुन्हा ओढलं तेव्हा लोडरची मागची चाकं उचलली.

मॅनेजर धावत आला. "ड्रम कुणी फोडला?"

"कुठला ड्रम?" वहिनी खिडकीतून म्हणाली. "तुम्ही तर जमिनीत लावलं म्हणाला होतात."

लोडरवाला हसला. मॅनेजरने त्याच्याकडे बघितल्यावर तो खोकायला लागला. शेजारच्या खिडक्यांतूनही माणसं बघत होती.

"आता परवानगी काढावी लागेल," मॅनेजर कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला.

"काढा की. कुठल्या खिडकीत अर्ज देतात, ते मला माहीत आहे. मीही तिथे येऊन बसेन."

लोडर परत गेला. दादा खोलीतून विचारत होता, काय झालं. वहिनी म्हणाली, काही नाही, झोपा.

मग ती माझ्याकडे वळली. "भाऊजी, बाकीच्या झाडांच्या बुडाशीही हात घालून बघा."

"ती पाणी पितात ना?"

"ड्रमाला भोकं पाडता येतात."

मी कुंपण ओलांडलं. तिने सांगितलं नसतं तरी गेलो असतो.