उबाळ्यांची भागी

चितळे रोडजवळच्या एका बोळात आमचा छापखाना होता. आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. त्या छापखान्यातली आम्ही दोघंच उरलोय, मी आणि मशीन चालवणारे रशीदभाई. भेटलो की आधी तब्येती होतात, नातवंडं होतात, आणि मग दोघांपैकी कुणीतरी म्हणतं, "उबाळ्यांचा तो किस्सा आठवतो का?" एक निघाला की त्याच्यामागून दुसरा येतो. रशीदभाई हसत हसत सांगतात. मला मात्र इतक्या वर्षांनीही राग येतो. सांगते, तुम्हीच ठरवा.

•

मी तिथे प्रूफं वाचायचे. मॅट्रिक झाले होते, घर सावेडीला. तेव्हा सावेडीत घरं कमी आणि शेतं जास्त. मी सायकलवरून कामाला येते, याचंच लोकांना नवल. छापखान्याच्या मालकांना सगळे काका म्हणायचे. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल, असलं आमचं काम.

शंकर उबाळे सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. पारनेरकडचे. वय तिशीचं, नखांत कायम निळा रंग. एकदा बुशशर्टच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सोळा कागद घेऊन आले. चित्रकथा होती. भागी नावाची दहा वर्षांची मुलगी, डोक्यावर कळशी, खांद्यावर फाटलेला झगा. गावची विहीर आटलेली. भागी पाणी शोधायला निघते आणि भेटेल त्याला विचारते, "पानी कुठंय?" सरपंच भाषण देतो, पुजारी भाषण देतो, पुढारी तर दोन पानं भाषण देतो. पाणी कुणीच देत नाही.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "उबाळे, यात राजा नाही, राक्षस नाही. लोक कशाला वाचतील?"

"राक्षस हाय की. सातव्या पानावर. टोपी घातलेला."

काका सातव्या पानावर गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. मग पोट धरून हसले. चित्रं छापायची तर तेव्हा जस्ताचे ठसे पुण्याहून करून आणायला लागायचे, त्यांना आम्ही ब्लॉक म्हणायचो. काकांनी त्याच दिवशी चित्रं पुण्याला पाठवली.

एस.टी. स्टँडवर अंक ठेवले, ते चार दिवसांत संपले. पुन्हा छापले. मग दर महिन्याला नवा अंक. पाथर्डीच्या गाडीचा कंडक्टर तिकिटं फाडून झाली की भागी मोठ्यानं वाचून दाखवायचा. सरपंचाचा आवाज वेगळा, पुढाऱ्याचा वेगळा. एकदा गाडी गाव सोडून पुढे गेली तरी उतरणारे उतरले नाहीत, गोष्ट संपायची होती.

•

पहिल्या अंकाची प्रूफं मी मन लावून वाचली होती. भागीच्या तोंडचं प्रत्येक "पानी" मी "पाणी" केलं. "न्हाई"चं "नाही" केलं. उबाळे आले, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, भागी शाळंत गेल्याली न्हाई. तुमी तिच्या तोंडात तुमचा ण घातला."

मला इतकी लाज वाटली की मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून एकेक ण परत काढायला लावला.

अंक निघाल्यावर एका शाळेचे हेडमास्तर छापखान्यात आले. कोट, टोपी, हातात भागीचा अंक. त्यांनी तो लाल शाईनं तपासून आणला होता. पानापानावर गोल, काट, समासात शेरे. काकांच्या टेबलावर तो आपटून म्हणाले, "ही भाषा मुलांच्या हातात देता?"

उबाळे कोपऱ्यात उभे होते. त्यांनी अदबीनं विचारलं, "गुरुजी, गोष्ट कशी वाटली?"

"गोष्ट मी वाचली नाही," हेडमास्तर म्हणाले. "चुकाच इतक्या होत्या."

•

बाहत्तर साल लागलं. पाऊस आधीच्या वर्षी दगा देऊन गेला होता, त्या वर्षी आलाच नाही. माणसं खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेली आणि भागीही त्यांच्याबरोबर तिकडे गेली. ज्यांना वाचता येत नव्हतं ते नुसती चित्रं बघायचे.

एका दुपारी एक बाई छापखान्यात आल्या. पाथर्डीकडून आल्या होत्या. पायात काही नव्हतं. पदराखालून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि म्हणाल्या, "भागी हितंच ऱ्हाती ना?"

मी म्हटलं, "मावशी, ती चित्रातली मुलगी आहे."

"ते ठावं हाय मला," बाई म्हणाल्या. "पर ज्यानं काढली त्यानं कुनाला तरी बघूनच काढली असंल ना. तिला द्या." फडक्यात एक झगा होता. जुन्या लुगड्याचा, हातानं शिवलेला, अगदी भागीच्या मापाचा. "चार म्हैने झाले, पोरगी फाटक्यातच हिंडती."

उबाळ्यांनी तो झगा दोन्ही हातांनी घेतला. ते बाहेर जाऊन नळाशी तोंड धुऊन आले. पुढच्या अंकापासून भागीच्या खांद्यावर ठिगळ आलं. झगा ते आपल्या मुलीसाठी घेऊन गेले. भागी कुणाला बघून काढली, हे तेव्हा मला कळलं.

•

घोटाळा झाला तो टँकरच्या अंकात. त्यात गावासाठी निघालेला पाण्याचा टँकर एका भाऊसाहेबांच्या मोसंबीच्या बागेत जातो. भागी कळशी घेऊन टँकरच्या मागे पळते. शेवटच्या चित्रात ती मोसंबीच्या झाडाला विचारते, "तुमी कुन्या गावचं?" भाऊसाहेबांना उबाळ्यांनी बसकं नाक आणि काळा चष्मा दिला होता.

त्या आठवड्यात तीन पुढाऱ्यांची माणसं आली. पहिला म्हणाला, आमच्या साहेबांची बदनामी केली. दुसऱ्या दिवशी दुसरा आला, तो वेगळ्या तालुक्याचा, त्याचंही तेच म्हणणं. तिसऱ्या दिवशी तर साहेब स्वतः आले. एका मोठ्या संस्थेचे अध्यक्ष होते, जिल्ह्यात वजन होतं. काळा चष्मा न काढता त्यांनी विचारलं, "हा मीच ना?"

उबाळे म्हणाले, "न्हाई साहेब. नाक आमच्या चुलत्याचं हाय. चष्मा बोर्डावरच्या व्हिलनचा."

"मग बाग कुणाची?"

"ते मला कसं ठावं? परवापासनं तिघंजन येऊन आपलीच म्हनतायत."

रशीदभाईंना हसू आवरेना, ते मशीनच्या मागे जाऊन बसले. अध्यक्ष हसले नाहीत.

•

दोन आठवड्यांत गावात निषेधसभा झाली. टँकरचं, मोसंबीचं कुणी नावच काढलं नाही. विषय होता अश्लीलता. खडी फोडताना भागीची आई लुगडं वर खोचून बसते, तिच्या पोटऱ्या दिसतात, हा स्त्रीजातीचा अपमान आहे म्हणे. व्यासपीठावर पाच पुरुष. सभेचे अध्यक्ष एका टॉकीजचे मालक.

मी आणि रशीदभाई मागे बसलो होतो. तासभर मी ऐकून घेतलं. मग उभी राहिले.

"तुमच्या टॉकीजवर सध्या जो बोर्ड आहे, तोही उबाळ्यांनीच रंगवलाय," मी म्हटलं. "त्यातली बाई पावसात भिजलेली आहे आणि दोन मजले उंच आहे. भागीची आई घामानं भिजलीय आणि बोटाएवढी आहे. तुम्हाला बोटाएवढीच का दिसली?"

मालकांनी घसा साफ केला. "बाई, तो आमचा व्यवसाय आहे," ते म्हणाले, आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

सभा संपल्यावर चौकात अंकांची होळी केली. जाळायला अंक नव्हते, म्हणून स्टँडवरचे सगळे विकत आणले. एका दिवसात तेवढा खप भागीचा कधीच झाला नव्हता.

•

काळ्या चष्म्यावाल्या अध्यक्षांच्या एका माणसानं काकांना चहा पाजून सांगितलं, की यापुढे सोसायट्यांचे अहवाल दुसऱ्या छापखान्यात जातील. काका वाईट नव्हते. पण ते घाबरले. जाहीर माफीचा मजकूर कुणीतरी लिहूनच पाठवला होता. तो जुळवला आणि प्रूफ माझ्याकडे आलं. मी ते वाचलं, दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. कागद फाडून टाकायला हवा होता. मी वेलांट्या बघत बसले. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त राग माझाच येतो.

उबाळ्यांनी माफी सावकाश वाचली. "'समाजाच्या भावना दुखावल्याबद्दल'," त्यांनी बोट ठेवून विचारलं. "ताई, ह्यात समाज म्हंजे कोन? मला धरून, का मला सोडून?"

त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला होता. प्रश्न कुठून आला ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. काका खिडकीकडे बघत म्हणाले, "करा सही, उबाळे. मलाही घर आहे."

उबाळ्यांनी सही केली. त्यानंतर टॉकीजचं काम गेलं, मग दुकानांच्या पाट्या गेल्या. ज्यांच्या दारावर त्यांनी "सुस्वागतम्" रंगवलं होतं, ती माणसं त्यांना बघून रस्ता बदलू लागली. भागीचे ब्लॉक काकांनी भंगारात दिले.

एवढ्यावर भागलं नाही. नाव खपतंय म्हणून काकांनी एका ड्रॉइंग मास्तरांकडून नवी भागी काढून घेतली. ही भागी गोरी, दोन रिबिनी, कडक इस्त्रीचा झगा. ती शुद्ध बोलायची. टँकर यायचा, सगळे रांगेत उभे राहायचे आणि भागी भाऊसाहेबांना हार घालायची. उबाळ्यांना कुणी विचारलंही नाही. हेडमास्तरांनी शाळेसाठी गठ्ठाच नेला.

महिन्याभरानं त्यातले बरेच अंक परत आले, शाळेच्या कामाचे राहिले नाहीत म्हणून. मी उघडून बघितले. दर पानावर मुलांनी निळ्या शाईनं भागीच्या खांद्यावर ठिगळ काढलं होतं.

•

उबाळे गावी गेले. उन्हाळ्यात कळलं की ते पाझर तलावाच्या कामावर खडी फोडतात. त्यांच्या हातची मूळ चित्रं आमच्या कपाटात होती, काका ती रद्दीत घालणार होते. मी ती घेतली, सुट्टी टाकली आणि पारनेरची एस.टी. पकडली.

फाट्यावर उतरून दोन मैल चालले. ऊन असं, की डोळ्यांपुढे पिवळं दिसत होतं. घसा कोरडा पडला होता. कामावर दोन-अडीचशे माणसं बसलेली, नुसता हातोड्यांचा आवाज. पलीकडे बाभळीखाली पाण्याचं मोठं पिंप दिसलं. पितळी तोटी, तोटीला लोंबणारा थेंब, खाली ओली माती. मी उबाळ्यांना शोधायचं सोडून आधी तिकडे गेले. दहा पावलांवर पोचल्यावर कळलं, तो पत्रा होता.

उबाळे मागून आले. केसांत धूळ, हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी चित्रं पुढे केली. त्यांनी घेतली, उघडून बघितली नाहीत.

"हे काय काढलंय?" पत्र्याकडे बोट करून मी विचारलं.

"वरून हुकूम आला, ताई. कामावर पाळनाघर, औषधाची पेटी आन् पिन्याचं पानी पायजे, तशा पाट्या पायजेत. मजुराला वाचता येत न्हाई, म्हनून पाटीवर चित्र पायजे. पाळना, पेटी, पानी काय आलं न्हाई. पत्रे आले, रंगाचे डबे आले. मुकादमाला कळलं मी पेंटर हाय. म्हनला, जिवंत वाटलं पायजे."

तेवढ्यात जीप आली. तपासणीचे साहेब उतरले, मागे मुकादम, त्याच्यामागे शिपाई. साहेबांनी दुरूनच बाभळीकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग टोपी काढून कपाळ पुसलं, बायकांच्या रांगेपाशी सावली बघून बसले आणि शिपायाला म्हणाले, "जा रे, त्या पिंपातलं ग्लासभर पाणी आण."

मुकादमाचा चेहरा उतरला. शिपाई गेला. ग्लास घेऊन तो पत्र्यासमोर उभा राहिला, मग पत्र्याच्या मागे जाऊन बघितलं, आणि रिकामा ग्लास घेऊन परत आला. हातोडे थांबले होते.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

शिपायानं मुकादमाकडे बघितलं. मग पुढच्याच ओळीतल्या एका म्हातारीनं हातोडा खाली ठेवला आणि शिपायाकडे बघून म्हणाली, "दे की त्येस्नी. आमी चार दिस झाले, त्यातलंच पितोय."