कोरडा खांदा

झेरॉक्स मशीनसमोर उभा असताना काचेच्या दारात सहज लक्ष गेलं. मी या पायावरून त्या पायावर हलकेच डोलत होतो. डावा हात कोपरात दुमडलेला, आणि त्यात काहीच नाही.

तीन महिने रजेवर राहून बाळाला असंच निजवलं. समीरने आणि मी मिळून त्याला घरी आणलं, पण दत्तकाच्या कागदांवर ते माझं एकट्याचं, म्हणून ती रजा मलाच मिळाली. कालपासून समीर घरी आहे. त्याने साठवलेली रजा काढली आणि अर्जात ‘घरगुती कारण’ एवढंच लिहिलं.

“किती महिन्यांचं?” माझं डोलणं बघून मागून ऑफिसातल्या सावंतबाईंनी विचारलं.

“पाच.”

“आई असते घरी?”

“नाही, दुसरा बाबा असतो.”

त्या पुढे येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

रजा संपल्याचं शरीराला कुणी कळवत नसावं. या वेळी समीरचा खांदा लाळेने ओला झाला असेल. माझा शर्ट कोरडा, कडक इस्त्रीचा.

“ही सवय जायला किती दिवस लागतात?” मी विचारलं.

“माझा मुलगा तिशीचा झाला,” बाई म्हणाल्या.

मशीनमधून कागद येत राहिले. काचेत आम्ही दोघंही डोलत होतो.