पहिला विळा

भोईरबाईंसमोर "मी केलं" असं म्हणायची सोय नव्हती. दहावीचा गणिताचा निकाल मी शंभर टक्के लावला तेव्हा पेढे घेऊन स्टाफरूममध्ये गेलो. बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "एकट्याने? मुलांनी पेपरात काहीच लिहिलं नाही का हो, सर?" असा राग आला होता! पेढा मात्र त्यांनी दुसराही घेतला.

आमची शाळा बदलापुरात, हेंद्रेपाड्याजवळ. बाई आठवीला इतिहास शिकवायच्या, शेजारच्या वर्गात मी गणित. भिंतीला कान लावायची गरज नव्हती, आवाजच तसा. अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं तो धडा आला, की पुस्तकातले पुढारी त्या भराभर उरकून टाकायच्या. "इंग्रजांचा चहा प्यायचा नाही असं ठरलं. बरं. पण घरात आधण कोण ठेवतं? तिनं ठेवलंच नाही, मग बंड कुठून सुरू झालं?" एका मुलाचे वडील उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये कापडाच्या दुकानात नोकरीला होते. त्याला विचारायच्या, "बंद पुकारतो नेता. शटर कोण ओढतं रे?" "पप्पा." "मग पप्पापण इतिहासात!" वर्ग हसायचा, पोरगं खूश.

बाई बदलापूरपलीकडच्या एका खेड्यातल्या. इंग्रजांनी तिथलं रान राखीव केलं, गवत कापायला बंदी आली, तेव्हा गावाने सत्याग्रह करायचं ठरवलं. पुढारी कल्याणहून येणार, त्यांच्या हस्ते पहिला विळा चालणार, असा बेत. पुढाऱ्यांना उशीर झाला. गोठ्यात म्हशी हंबरत होत्या, भाषणाची वाट कोण बघतंय? ते पोचले तोवर बायकांनी अर्धी टेकडी कापून भारे बांधले होते. स्नेहसंमेलनासाठी बाईंनी यावर नाटक बसवलं.

घोळ असा, की ते पुढारी म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचे आजोबा. अध्यक्ष तालमीला आले आणि आजोबा सगळं संपल्यावर घाम पुसत येताना बघून लालबुंद झाले. त्यातच मुख्याध्यापकांची जागा रिकामी होत होती आणि बाई सर्वांत ज्येष्ठ. शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची तेव्हापासून त्या इथे होत्या. ती खुर्ची त्यांना हवी होती, आणि हे त्या लपवतही नसत. "बसले की आधी ती पोरींची मुतारी नीट करणार," म्हणायच्या.

अध्यक्षांनी त्यांना ऑफिसात बोलावलं, साक्षीला मलाही बसवलं. माणूस हुशार. म्हणाले, "बाई, मधला मार्ग काढू. त्या बायकांत तुमची पणजीही असेलच. पहिला विळा तिचा दाखवा, दुसरा आमच्या आजोबांचा. पणजीचा फोटो हॉलमध्ये लावू. नव्या मुख्याध्यापिकेच्या घराण्याचा मान, काय?"

मला वाटलं, सुटलो!

"नको," बाई म्हणाल्या. "एकीनं कापलं असतं तर ती चोरी ठरली असती, साहेब. सगळ्यांनी कापलं म्हणून सत्याग्रह झाला. नाव कुणा एकीचं नको."

"विचार करा."

"केला."

नाटक रद्द झालं. खुर्ची बाहेरून आणलेल्या माणसाला मिळाली. ते कळलं त्या दिवशी बाईंनी डबा उघडलाच नाही. डोळे पुसले आणि घंटा झाल्यावर वर्गावर गेल्या. माझं मात्र डोकं फिरलं होतं. त्यांच्याच पणजीचं नाव लागत होतं ना? काय बिघडलं असतं? विचारलं तर म्हणाल्या, "सर, तुम्ही गणित शिकवा." निवृत्त होईपर्यंत त्या आठवीलाच शिकवत राहिल्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. लग्न केलं नव्हतं, म्हणून दिवस गावी, भावाकडे घातले. दहाव्याला मी गेलो. ओटीवर बसलेल्या एका म्हातारीला सहज विचारलं, पहिला विळा कुणी चालवला हो इथे?

"माझ्या आजेसासूनं," ती ठणकावून म्हणाली.

"चल! माझ्या आजीनं," शेजारची उसळली. "सगल्या गावाला ठाव हाय."

तिसरीने तिसरंच नाव सांगितलं. बाईंचा भाऊ हसला. "आमच्या घरात आमच्या पणजीचं सांगतात. पण ताई बाहेर कधी बोलली नाही."

बाईंनी खुर्ची कुणासाठी सोडली ते मला तेव्हा उमगलं. मी त्या म्हाताऱ्यांना ऑफिसातला सगळा प्रकार सांगून टाकला. पहिलीने कपाळावर हात मारला.

"येडी गं बाय ती! लावायचं ना पणजीचं नाव. आम्ही काय भांडायला आलो असतो?"

मग तिने पदराने डोळे टिपले.

"आलो असतो म्हणा."