गाईला घातलेले मोदक

माझ्या हातचे एकवीस मोदक काकूंनी गाईला घालायला दिले. माझ्यासमोर.

गणेश चतुर्थीची सकाळ. कर्वेनगरातलं घर. काकू म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. त्या पहिल्या मजल्यावर आणि वरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने आम्ही दोघी, मी आणि केतकी. काकूंचं मनगट दुखतं, म्हणून यंदा नैवेद्याचे मोदक मी करायचे, असं महिनाभर आधीच ठरलं होतं. कंपनीत रजा टाकली. पहाटे उठून डोक्यावरून अंघोळ केली. काकूंच्या स्वयंपाकघरात उकड मळली, एकेका मोदकाला बारीक कळ्या पाडल्या. वाफवून झाले तेव्हा काकू म्हणाल्या, "हात आहे हो पोरीला." मी साडी नेसायला वर गेले.

अर्ध्या तासाने खाली आले तर माझे मोदक दाराशी, पिशवीत. जिना झाडायला येणाऱ्या मावशींना काकू सांगत होत्या, "कोपऱ्यावर गाय असते ना, तिला घाला." ओट्यावर नवी उकड. काकू दुखऱ्या मनगटाने ती मळत होत्या. शेजारी केतकी. तिच्या हातात मोदक फाटत होते. तिने मान वर केली नाही.

मला काही उमगेना. मी हात धुवायला पुढे झाले.

"तू हॉलमध्ये बस. पंखा लाव," काकू म्हणाल्या. आणि मागे न बघता, "आधी सांगितलं असतंस तर तुझे श्रम वाचले असते."

तेव्हा उमगलं.

आम्ही बौद्ध. गाव वर्धेजवळ. आडनाव असं की ते कुणाचंही असू शकतं. हिंजवडीला नोकरी लागली तेव्हा केतकी माझ्याच बॅचमध्ये होती. तिला हा फ्लॅट मिळाला होता आणि सोबत एक मुलगी हवी होती. तिला माझी जात माहीत होती. कँटीनमध्ये पहिल्याच आठवड्यात मी सांगितली होती, सहज. काकूंनी तिला फोनवर विचारलं, "आपल्यातलीच आहे ना?" माझ्याकडे बघत ती म्हणाली, "हो काकू, एकदम आपल्यातली." फोन ठेवून तिने डोळा मारला. "तू काही बोलू नकोस. मी सांभाळते."

मी हसले. हे लिहिताना आज लाज वाटते, पण मी हसले होते.

दोन वर्षं छान गेली, हेही खोटं नाही. केतकीनेच मला गाडी शिकवली. रविवारी सकाळी, रिकाम्या रस्त्यावर. ब्रेक दाबायच्या ऐवजी मी रेस पिळली आणि भेळेच्या बंद हातगाडीवर जाऊन आदळले. गुडघा फुटला. दोघी रस्त्यात बसून पोट दुखेपर्यंत हसलो. तिच्या नादाने मी केस खांद्यापर्यंत कापले. बुधवार पेठेत हेडफोनसाठी घासाघीस करायला शिकले, दुकानदाराला त्याच्याच सुरात तिरकं उत्तर द्यायला शिकले. गावातून आलेली बुजरी मुलगी मागे पडत होती आणि मला ते फार आवडत होतं.

त्याच दोन वर्षांत मी बाबांशी गच्चीवर जाऊन बोलायचे. ते फोनवर आधी "जय भीम" म्हणतात. मी उलट म्हणायचे, पण कुजबुजत. विश्रांतवाडीला मामा राहतो. त्याच्याकडे निघाले की काकूंना सांगायचं, क्लासला चालले. मामीने दिलेला डबा केतकी आणि मी वरच संपवायचो. केतकीला मामीच्या हातची भाकरी फार आवडायची.

मोदक मी गेल्या वर्षी शिकले. काकूंनी माझा हात हातात धरून कळ्या शिकवल्या. तीन-चार बिघडले, मग जमले. काकू शेजारणीला म्हणाल्या, "ही माझी वरची लेक." त्या दिवशी मला इतका आनंद झाला की विचारू नका.

बाबा गावच्या विहारात दर रविवारी वंदना घेतात. ज्या देवांना हात जोडायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं, त्यातल्याच एकाचा नैवेद्य मी रांधत होते. भक्ती नव्हती. भीतीही नव्हती. मला त्या घरात आवडती व्हायचं होतं.

केतकीने त्याच सकाळी का सांगितलं? दुपारी प्रसादाला काकूंची बहीण येणार होती, मुलाला घेऊन. त्या भाच्यासाठी काकूंनी केतकीला पसंत केलं होतं. बोलणी त्या दिवशी पक्की व्हायची होती. पुढेमागे माझं कळलं असतं, तर केतकी खोटारडी ठरली असती. म्हणून मी साडी नेसत होते त्या अर्ध्या तासात तिने स्वतःला मोकळं करून घेतलं.

एवढंच असतं तर कदाचित गिळलं असतं.

मी हॉलमध्ये बसले नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. काकू म्हणाल्या, "माझं काही नाही बाई, मी असलं मानत नाही. पण देवाचं असतं. आणि बिचाऱ्या केतकीलासुद्धा तू अंधारात ठेवलंस. तिला काल कळलं."

काल.

मी केतकीकडे बघितलं. ती सारण ढवळत होती. त्यात ढवळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"काकू, केतकीला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे," मी म्हणाले. "तुम्हाला फोनवर 'आपल्यातली' म्हणाली ती तीच. मी गप्प बसले, ती चूक माझी."

"आता तिला कशाला मध्ये ओढतेस?" काकू म्हणाल्या. "आज तिचा दिवस आहे."

केतकी काहीच बोलली नाही. जातीवरून बोलणारे मी शाळेपासून बघत आले, त्यांच्यापुढे छाती कशी घट्ट करायची ते येतं मला. पण ज्या मुलीसोबत मी रस्त्यात बसून हसले, तिच्यापुढे काय घट्ट करायचं? मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

संध्याकाळी ती वर आली. "समजून घे ना यार. दोन वर्षं मी तुझ्यासाठीच खोटं बोलले."

"माझ्यासाठी नाही. अर्धं भाडं भरायला कुणीतरी हवं होतं म्हणून," मी म्हणाले. "आणि आज बोललीस ते कुणासाठी?"

ती तिच्या खोलीत गेली. कडी लावली.

दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, मोदकांसकट. ते म्हणाले, "कोणाच्या भेवानं केलं हे?"

"भीतीने नाही, बाबा. त्यांना मी आवडावं म्हणून."

त्यांना दुखलं होतं, त्या प्रश्नात मला ते ऐकू आलं. केतकीने मला दगा दिला. मी तोच दोन वर्षं बाबांना देत होते, रोज थोडा थोडा. बाबा एवढंच म्हणाले, "मंग आता?"

आठवड्याने काकूंनी जिन्यात गाठलं. एकदम 'अहो-जाहो'वर आल्या होत्या. "दिवाळीपर्यंत बघा कुठे सोय होते का. घाई नाही आमची." मामा म्हणाला, ये विश्रांतवाडीला, कशाला अपमान सोसतेस. मी करार काढून वाचला. अकरा महिन्यांचा. जूनमध्ये एजंटने मशीन आणलं होतं, त्यावर माझा अंगठा आहे, काकूंचाही आहे. जातीचा रकाना त्यात कुठेच नाही.

"मेपर्यंत मी इथेच आहे," मी काकूंना सांगितलं. "जातीचं खोटं मी बोलले नाही, पण त्या खोट्यावर राहिले. आता खऱ्यावर राहीन."

काकू म्हणाल्या, "शिकलेली माणसं अशी हट्टाला पेटत नाहीत."

"पेटतात, काकू."

काल केतकी माझ्या दाराशी आली. पुढच्या रविवारी तिचा साखरपुडा, खाली काकूंच्या हॉलमध्ये. बोटाने चौकट खरवडत म्हणाली, "त्या दिवशी मामाकडे जाशील का? पाहुणे वर येतील, उगाच विचारत बसतील."

"मी घरीच असेन," मी म्हणाले. "दार उघडं असेल. कुणी विचारलं तर माझी जात सांगेन. आणि तुला ती कधीपासून माहीत आहे, तेही सांगेन."