गोदीकाकू

आमच्या धाकट्या काकूला अकोल्याचा बाजार धड माहीत नव्हता, पण लिव्हरपूलची गोदी तोंडपाठ होती. कुठल्या धक्क्याला कोणती गलबतं लागली आहेत, कोणत्या वखारीसमोर कापसाच्या गाठी उतरताहेत, पुलावर छत्री घेऊन कोण उभं आहे, हे ती डोळे मिटून सांगे. आम्ही मुलं तिला गोदीकाकूच म्हणत असू.

त्या गोदीचं एक चित्र आमच्या माजघरात टांगलेलं होतं. छाप काळा, त्यावर हातानं भरलेले रंग. काका बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेले आणि लवकरच तिथून त्यांनी ते पाठवलं. चित्र तेव्हाच जुनं होतं. त्यातल्या एका उंच इमारतीच्या वरच्या खिडकीवर शाईनं फुली मारून त्यांनी कळवलं होतं, ‘मी इथे राहतो.’ पुढे त्यांची पत्रं कमी होत गेली आणि मग थांबलीच. काकू मात्र रोज सकाळी ओल्या फडक्यानं चित्राची काच पुसायची.

एका निशाणाचा तांबडा रंग रेघ सोडून आभाळात पसरला होता. आम्ही हसलो की ती रागवायची. “हसू नका रे. रंगवणारीचं लेकरू रडलं असंल तवा.” रंग बाईनंच भरले असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. कापसाच्या मोसमात गाठी लादलेल्या बैलगाड्या स्टेशनाकडे निघाल्या की ती दाराआडून पाहत राही. एकदा स्वतःशीच म्हणाली, “गाठी तिथवर जाऊन राहिल्या, अन् मी इथंच.”

गावातला एक तरुण विलायतेहून परतला आणि माझ्या वडिलांना भेटायला आला. वडील वकील, ओसरीवर बैठक. काकांनी लंडनचं शिक्षण कधीच सोडलं, लिव्हरपूलला गोदीजवळच्या एका पेढीत ते कारकून आहेत, असं त्यानं सांगितलं. काकू दाराआड उभी होती. मोठ्या दिरासमोर बोलायची रीत नव्हती, म्हणून तिनं आजीकरवी विचारलं, त्या फुलीच्या खिडकीतच राहतात का अजून? तो खाली पाहत म्हणाला, “हो. मडम आहे, दोन मुलं आहेत.”

काकू आत गेली आणि तांदूळ निवडायला बसली. संध्याकाळी आई ते चित्र काढायला गेली, तर म्हणाली, “राहू द्या जाऊबाई. चित्रानं काय केलं?” पण काच तिनं पुन्हा पुसली नाही. चुलीच्या धुरानं आधी आभाळ गेलं, मग शिडं, मग ती खिडकी.

नंतर एक दिवस काका वारल्याची तार आली. वडील डोक्यावरून पाणी घेऊन ओल्या अंगानं ओसरीवर बसले. शेजारच्या म्हाताऱ्या बायका जमल्या. न्हाव्याला निरोप पाठवायचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात काकू डोईवर पदर घेऊन बाहेर आली आणि थेट वडिलांसमोर उभी राहिली. गळ्यातलं मंगळसूत्र काढून तिनं आजीपुढे ठेवलं.

“हे त्यांचं होतं, घ्या. कुंकू अन् बांगड्या माह्या बापाच्या घरच्या हायेत, लगनाआधीच्या. ज्यानं मले बायको मानली नाई, त्याची विधवा मी काहून होऊ?”

वडील दुष्ट नव्हते. ते म्हणाले, “लोक या घरचं पाणी पिणार नाहीत.”

“मंग मीच जाते,” ती म्हणाली.

तिचे आईबाप हयात नव्हते. माहेरी, बाळापूरला, तिच्या शेजारी वाढलेली सारजा अमरावतीला माळ्याच्या घरी दिली होती. काकू तिच्याकडे गेली. मळ्यातल्या एका खोलीत राहून हार गुंफू लागली. पुढे लग्न होऊन मी अमरावतीला आले, तेव्हा फुलं आणायचं निमित्त करून तिच्याकडे जात असे. ती आता मोठ्यानं हसायची, सारजाशी कडाकडा भांडायची. एकदा तिनं विचारलं, “चित्र हाय का वं बाई अजून?” मी म्हटलं, काळंठिक्कर पडलंय, काही दिसत नाही. “गोदी दिसत होती तवा मले घर दिसत नवतं,” ती म्हणाली, आणि तिनं दोऱ्याला गाठ मारली.

मग मानमोडीची साथ आली. घराघरांतून माणसं जाऊ लागली. सारजाची दोन्ही मुलं एकदमच तापानं पडली. काकू त्यांच्या उशापाशी बसून चमच्याचमच्यानं पेज पाजत राहिली. थोरला गेला. धाकटा उठून बसला, आणि काकूनं अंथरूण धरलं.

सारजा सकाळी माझ्या दारात आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. “बाई, तुमची काकू गेली. तुमच्यातलं कोनी येते का, का आमीच नेऊ तिले?”

आमच्यातलं दुसरं कोणी आलं नाही. मी तिला न्हाऊ घालून कुंकू लावलं. खांदा द्यायला माझे यजमान आणि मळ्यातले तिघे. स्मशानात लाकडं अपुरी होती. सारजाच्या नवऱ्यानं विहिरीवरच्या मोटेचा सांगाडा मोडून त्याचं लाकूड दिलं.

अकोल्याला तार केली होती. तिथून कोणी आलं नाही. सुतकही धरलं नाही, असं मागाहून कळलं. दिवाळी तोंडावर होती, मळ्यात झेंडू बहरला होता आणि साथीमुळे बाजारात फुलं मिळत नव्हती. सारजानं मळ्यातलं एक फूल खुडू दिलं नाही. सारा झेंडू तिनं झाडावरच वाळू दिला.