ट्रेलरची तिसरी खिडकी

मुदखेड स्टेशनवर वडिलांनी, अण्णांनी, गाडीच्या खिडकीतून हात घालून माझ्या ट्रंकेचं कुलूप दोनदा ओढून बघितलं. म्हणाले, "नव्या गावात दारंखिडक्या लावूनच ऱ्हा. कोन कसा हाय, लवकर कळत न्हाई."

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या उघडल्या, पण कारकुनांना खोल्या नव्हत्या आणि दुष्काळामुळे टँकर दिवसाआड यायचा. आमच्या कचेरीच्या आवारात एक जुना ट्रेलर पडून होता. आधीच्या दुष्काळात बोअर पाडायला आलेल्या परदेशी माणसांची ती चाकावरची खोली. तिथं मला आणि उदगीरच्या रशीदभाईंना जागा मिळाली. त्यांची सासुरवाडी मुदखेडचीच. तरी मला ते आपले वाटले नाहीत.

खिडक्या तीन, वर बिजागरी, खाली फिरवायची मूठ; ती फिरली की स्प्रिंगनं काच वर जाई. पहिली दार लावल्याशिवाय उघडत नसे. दुसरी कागदाची घडी कोंबली नाही तर दिवसभर खडखडायची. तिसरी माठाजवळ. मी सकाळी माठात काडी बुडवून ओलाव्यावर नखानं खूण करायचो. दुपारी जेवायला एकटे रशीदभाई येत. संध्याकाळी बघावं तर तिसरी खिडकी सताड उघडी आणि पाणी खुणेच्या पार खाली.

"कोणाला देता हो खिडकीतून?" एकदा विचारलंच.

"आप्पा, माझा बी हाच माठ हाय. माझ्याच तोंडचं पाणी चोरू? मी तर खिडकी लावून आलतो."

मी हेडक्लार्कला सांगितलं. रशीदभाईंनी वळकटी उचलली. पाणीचोर म्हटल्यावर त्यांना दुसऱ्या कोणी खोलीत घेईना. महिन्याभरात बदली मागून ते उदगीरला गेले. सणाला गावी गेलो तेव्हा हीच गोष्ट मी रंगवून सांगितली. ती त्यांच्या सासुरवाडीत पोचली.

पुढे एकदा तापानं मी दुपारी ट्रेलरमध्येच पडून होतो. ऊन चढलं, पत्रा तापला, टक्‌ झालं आणि झिजलेली मूठ आपोआप फिरून तिसरी खिडकी वर गेली. गरम वारं थेट माठावर. झिरपलेलं पाणी ते चाटत होतं. संध्याकाळी काडी बुडवली. मी घोटभरही प्यालो नव्हतो, तरी पाणी खाली गेलं होतं.

मी कोणालाच सांगितलं नाही.

बऱ्याच वर्षांनी उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, रशीदभाई भेटले. त्यांनीच पाण्याचा तांब्या पुढं केला. "घ्या आप्पा. आधी खूण करून घ्या, मग प्या." आजूबाजूचे हसले, मीही हसलो. पाणी पिऊन मी निघालो.

रशीदभाई आता नाहीत. त्यांची बायको, आमच्या भाभी, मुदखेडला भावाकडं असतात. लातूरला माझं पक्कं घर आहे, तरी मुलं विचारतात, "दादा, तुमचं गाव कोणतं?" आणि माझ्या तोंडी मुदखेडच येतं. पण गेली कित्येक वर्षं मी भाभींच्या गल्लीतून गेलेलो नाही, लांबच्या रस्त्यानं जातो. मुदखेडकरांनो आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांनो, येत्या रविवारी हे सारं लिहिलेला हा कागद घेऊन मी भाभींच्या दारात उभा राहणार आहे. त्या "बसा" म्हणाल्या तर मुदखेड माझं. नाही म्हणाल्या तर मी लातूरचा, आणि तेही त्यांनी ठरवलेलं असेल.